नेवरेकरबुवांनी स्वतःला ऐकलं

"बाई, तेवढं बंद करता का?"

दारातून घोगऱ्या, फाटक्या आवाजात कुणीतरी विचारलं. मी मशीनवर होते. लग्नाच्या घरचे ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचे होते आणि शेजारच्या स्टुलावर टेप चालू होता. नरहरबुवा नेवरेकरांचं 'उसनं पाणी'. आख्यान रंगात आलं होतं. सून रिकामी घागर घेऊन नुकती कुठे शेजारणीच्या दारात पोचली होती. मी मान वर न करताच सांगितलं, की आरती होईपर्यंत थांबा, कीर्तन मध्येच तोडलेलं मला चालत नाही.

तो माणूस थांबला. उंबऱ्याबाहेर, फाल्गुनाच्या उन्हात, माझ्याकडे पाठ करून, उपरण्याची दोन्ही टोकं कानांवर दाबून उभा राहिला. त्याच्या मागे एक बाई होत्या. त्या पायरीवर बसल्या आणि पदराने वारा घेत राहिल्या. आरती झाली, टेपचं बटण टक्कन वर आलं, तेव्हा मी चष्मा काढून काय काम आहे म्हणून विचारलं.

"दवाखान्यात कळलं, तुमच्याकडे खोली मिळते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी टेपकडे बोट केलं. "आत्ता जे ऐकत होतात ना, ते हे."

मी उठले ती मांडीवरच्या टाचण्या सगळ्या घरभर सांडल्या. ज्या गळ्याच्या आधाराने दहा वर्षं मी मशीन चालवली, तो गळा माझ्या दारात येऊन बोलला आणि मी त्याला थांबायला सांगितलं. कानांनी माणसं ओळखणारी मी, कानांनीच चुकले. पण चुकले तरी कशी म्हणायची? त्या आवाजात ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. गावोगावचे पेशंट येतात, त्यांच्या माणसांना राहायला जागा लागते. आमच्या मागच्या दोन खोल्या आम्ही त्यासाठीच ठेवलेल्या. आमच्या ह्यांचं कापडपेठेत दुकान, मी घरी शिवणकाम करणारी. लहानपणी वडिलांनी मला कीर्तनाची गोडी लावली. लग्नानंतर दिवेलागणीला देवळात जाऊन बसणं जमेना, स्वैपाकाची वेळ ती. मग कॅसेटी आल्या आणि देऊळच माझ्या मशीनशेजारी येऊन बसलं. पुष्कळ बुवांच्या कॅसेटी घेतल्या, पण नेवरेकरबुवांसारखं कुणी नाही. पहिल्या दोन दिवसांत मी हे सगळं त्यांच्या पत्नीला, गोदाकाकूंना, सांगून टाकलं. मनात काही ठेवणं मला कधी जमलंच नाही.

त्या दहा वर्षांतल्या माझ्या लाडक्या कॅसेटी तीन. 'समईवाली' पहिली. त्यात पूर्वरंग इतका साधा आहे की वाटावं, हा माणूस ओट्यावर बसून आपल्याशी बोलतोय, आणि कधी तो बोलायचा थांबून गायला लागला हे कळत नाही. दुसरी 'उसनं पाणी'. तिच्यात सुनेच्या तोंडी जे पद आहे, त्यातल्या एकाच शब्दावर बुवा इतका वेळ राहतात की माझी सुई कापडात तशीच उभी राहते. आणि तिसरी 'नावाडी'. ती कुठल्या कंपनीने काढलेली नाही. कोकणातल्या एका देवळात उत्सवात कुणीतरी भरून घेतलेली, एका कॅसेटवरून दुसरी अशी उतरत माझ्यापर्यंत आलेली. तिच्यात खोकणारी माणसं आहेत, रडणारं मूल आहे. मध्येच दिवे जातात. पेटीवाला थांबतो. बुवा थांबत नाहीत. अंधारात नाव चाललेली असते आणि बुवा नुसते वल्ह्याच्या लयीत गात राहतात, तेवढ्यात मागून कुणी म्हातारा म्हणतो, "चालू द्या बुवा, दिसतंय आम्हाला." मी ती किती वेळा ऐकली असेल ते देवाला माहीत. दर वेळी त्या म्हाताऱ्याला मनात नमस्कार करते.

आणि नावडत्या? त्याही काकूंना सांगितल्या. 'कीर्तनमोती', भाग एक आणि दोन. चकचकीत वेष्टण, आत बुवांचा भरजरी फोटो. मागे इलेक्ट्रिकचा बाजा, आख्यान कापून-बेतून बसवलेलं, आणि विनोदाच्या जागी कुठूनतरी आणून चिकटवलेलं हसणं. बुवांचीच म्हणून टाकवत नव्हती, इतकंच.

बुवांनी स्वतः यांतली एकही ऐकलेली नव्हती.

ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दवाखान्यातून परत आल्यावर बुवा माझ्या खोलीत येऊन सतरंजीवर बसले. त्यांना जोरात बोलायला मनाई होती, म्हणून मी मशीन थांबवली. ते म्हणाले, की नारदाच्या गादीवर उभं राहून म्हटलं ते देवाला वाहिलं, ते पुन्हा आपण ऐकायचं नाही असं त्यांच्या गुरूंचं सांगणं होतं. निर्माल्य परत कुणी डोक्यात घालतं का? म्हणून आदल्या दिवशी त्यांनी कानांवर उपरणं धरलं होतं.

मग त्यांनी डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. घशात गाठ होती, वाईट होती. आवाजाची पेटी काढून टाकली तर माणूस वाचण्याची आशा चांगली होती, पण पेटी गेली की बोलणंही गेलं आणि गाणंही. नाही काढली तर काही महिने. आणि जे काय ठरवायचं ते लवकर, गळ्याला अजिबात ताण न देता. एवढं सांगून बुवा हसले. म्हणाले, डॉक्टर भला माणूस आहे, त्याने माझं कीर्तन कधी ऐकलेलं नाही, म्हणून त्याला सांगणं सोपं गेलं.

"तुम्ही ऐकणाऱ्या आहात कालिंदीबाई," ते म्हणाले. "या दहा वर्षांतलं तुमच्या आवडीचं मला ऐकवा. गुरूंची क्षमा मागतो मी. पण जे काढून टाकायचं की ठेवायचं ते ठरवायचंय, ते एकदा बघू तरी द्या. ऐकतो आणि ठरवतो."

मी हो म्हटलं. गुरुवारी सुरू करू असं ठरलं, वार चांगला म्हणून.

त्याच संध्याकाळी मी परसात कपडे वाळत घालत होते तिथे गोदाकाकू आल्या. हसतमुख बाई, पण त्या वेळी त्यांचा चेहरा पाण्यात बुडून वर काढल्यासारखा होता. सगळा जन्म त्यांनी देवळांच्या मागच्या अंगाला काढला होता. बुवा गादीवर उभे, आणि ह्या कुठेतरी चुलीपाशी दूध गरम करत. त्यांनी माझ्या हातातलं ओलं धोतर धरून ठेवलं.

"तुझ्या आवडीच्या नको लावू त्यांना," त्या म्हणाल्या.

मला कळेना.

"चांगलं ऐकलं तर तो माणूस गळ्याला सुरी लावू देईल का? त्या दुसऱ्या लाव. त्या बाजावाल्या. ह्यांना स्वतःच्या आवाजाचा वीट येऊ दे. म्हणू देत, गेला तर गेला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मुका का होईना, मला नवरा हवाय कालिंदी."

मी रडले, त्या रडल्या. पण मी नाही म्हटलं. माझ्या आवडीचं म्हणून त्यांच्या हातात नावडतं ठेवायचं, तेही ज्याच्यावर त्यांचं जगणं-मरणं ठरायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. काकूंनी धोतर सोडलं. "तू चांगली आहेस," एवढंच म्हणाल्या, आणि ते त्यांनी कौतुकाने म्हटलं नव्हतं.

बुधवारी माझ्या सांगलीच्या नणंदेकडे बारसं होतं. सकाळीच गेले. जेवणं, नाव ठेवणं, पाळणा म्हणणं, असं करता करता परत यायला दिवेलागण झाली. घरात शिरले तर बुवा माझ्याच खोलीत, सतरंजीवर, ताठ बसलेले. टेप बंद. स्टुलावर 'कीर्तनमोती'ची दोन चकचकीत वेष्टणं. काकू भिंतीशी बसून तांदूळ निवडत होत्या. वर बघितलं नाही.

आणि माझ्या देव्हाऱ्यापुढे, ताम्हनात, नारळ. त्यावर सुपारी आणि अक्षता.

"कालिंदीबाई, या तुमच्या आवडीच्या?" बुवांनी विचारलं.

"नाही बुवा," मी म्हटलं. "या सगळ्यांत मागे ठेवलेल्या."

बुवांनी काकूंकडे पाहिलं. काकूंचा हात सुपात तसाच फिरत राहिला. मग दम घेत घेत बुवांनी सांगितलं, की पहिल्या पाच मिनिटांतच त्यांना उठून जावंसं वाटलं, पण कीर्तनातून आरतीआधी उठायचं नाही म्हणून दोन्ही भाग शेवटपर्यंत ऐकले.

"तो माणूस घड्याळाकडे बघून गातोय," ते म्हणाले. "करुण रस लवकर आटपतोय, कारण कॅसेटची बाजू संपत आलीय. आणि लोक हसतायत. कोण लोक? रेकॉर्डिंगला तिथं कुणीच नव्हतं. काचेपलीकडे एक मुलगा चहा पीत होता. मी गेल्यावर हा माणूस नेवरेकरबुवा म्हणून उरणार."

मी नारळाकडे बघत होते. त्यांच्या ते लक्षात आलं. राममंदिराचे विश्वस्त अण्णा गोरे दुपारी येऊन गेले होते. बुवा गावात आहेत हे त्यांना कळलं होतं आणि त्यांच्या दुखण्याची खरी बातमी नव्हती. रामनवमीच्या नऊ दिवसांच्या उत्सवात कीर्तनाला उभं राहावं अशी विनंती करायला ते नारळ घेऊनच आले. बुवांनी नुकतंच टेपचं बटण वर आलेलं ऐकलं होतं. त्यांनी हात पुढे केला.

"एकदा नीट करायला हवं," बुवा मला म्हणाले. "एकदा तरी. असलं मागे ठेवून गळा कापून घ्यायचा? लोकांनी इतकी वर्षं हार घातले हो मला."

काकूंच्या सुपातले तांदूळ हळूहळू जमिनीवर सांडत होते. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. माझ्याशीही बोलल्या नाहीत. मी त्यांच्यावर रागावावं की त्यांच्याजवळ जाऊन बसावं हे मलाच कळत नव्हतं.

गुरुवारी ठरल्याप्रमाणे मी माझ्या कॅसेटी लावल्या. आता त्याचा काय उपयोग असं मनात येत होतं, पण बुवांनीच आठवण केली. पहिल्या दुपारी 'समईवाली'. बुवा डोळे मिटून बसले. दुसऱ्या दुपारी 'उसनं पाणी'. त्या एका शब्दाशी आल्यावर त्यांनी बोटांनी सतरंजीची दशी धरली आणि शब्द संपेपर्यंत सोडली नाही. तिसऱ्या दुपारी 'नावाडी'. त्या दिवशी काकूही स्वैपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

दिवे गेले, म्हणजे टेपवरचे. पेटी थांबली. अंधारात वल्हं चालू लागलं. तो म्हातारा बोलला. आणि मी पाहिलं, बुवांचे ओठ हलत नव्हते. कुठलाही गायक आपलं गाणं लागलं की आतल्या आत गातो. बुवा गात नव्हते. श्रोत्यांत बसावं तसे बसले होते. आरती लागल्यावर त्यांनी हात जोडले.



"हे झालंय," बुवा म्हणाले. आवाज इतका खाली होता की मी जवळ सरकले. "मला वाटत होतं, व्हायचंय अजून. हे तर होऊन गेलंय. त्या अंधारात कधीतरी होऊन गेलं आणि मला पत्ताच नाही." ते हसले. "याच्यापुढे माझं काही राहिलेलं नाही कालिंदीबाई. आता गळा गेला तरी चालेल."

काकू दारातून पुढे आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर माणसाचा रंग दिसला.

"मग उद्याच डॉक्टरांकडे जाऊ," त्या म्हणाल्या.

बुवांनी देव्हाऱ्याकडे मान वळवली. "नारळ घेतलाय."

"परत करा. अण्णांना मी सांगते. ते काय नाही म्हणणारेत?"

"हे आधी ऐकलं असतं तर हात पुढे केला नसता," बुवा म्हणाले. "आता केलाय. गादीचा नारळ परत जात नाही, तुला माहीत आहे."

काकूंना माहीत होतं. त्यांच्या सासऱ्यांनी पोटचा मुलगा तापात असताना नारळ घेतला म्हणून उत्सव पुरा केला होता, हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि अभिमानाने सांगितलं होतं.

"उत्सव झाला की लगेच जाऊ," बुवा म्हणाले. मग त्यांनी काकूंकडे बघितलं, इतक्या मायेने की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "पण तू बरं केलंस गोदा. तू ते आधी लावलंस म्हणून मी कीर्तनाला उठलो. नाहीतर हे ऐकून समाधानाने जाऊन पडलो असतो टेबलावर. शेवटचं कीर्तन न करता. तुला बरोबर सुचलं."

काकू उभ्या होत्या तशा उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, भात टाकायचाय. आणि आत गेल्या.

मी स्वस्थ बसले नाही. अण्णा गोऱ्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते हादरले, तसेच माझ्याबरोबर आले आणि बुवांच्या पाया पडून म्हणाले की आम्ही आपल्याला मोकळं करतो, दुसरे बुवा बोलावू. बुवांनी त्यांना गूळपाणी दिलं. म्हणाले, अण्णा, नारळ तुमचा असता तर दिला असता, तो रामाचा आहे. डॉक्टरही रागावले नाहीत. त्यांनी फक्त काकूंना बाजूला बोलावून सांगितलं की इतके दिवस ओरडल्यावर मी कशाचीच खात्री देणार नाही.

पाडव्याला उत्सव सुरू झाला. त्या वर्षी मी स्वैपाक दुपारीच उरकून रोज देवळात गेले. पहिल्या दिवशी बुवांनी काय केलं असेल ते असो, आवाज लागला. थोडा फाटलेला, पण लागला. बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास घेऊन. जन्मात पहिल्यांदा त्या नवऱ्याचं कीर्तन समोर बसून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी वरचे स्वर गेले. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतली माणसं एकमेकांना विचारू लागली, काय म्हणाले, काय म्हणाले. फार मोठं कीर्तन झालं असं मी म्हणणार नाही. देवापुढे बसून ऐकलंय, खोटं कसं सांगू? एक थकलेला माणूस शब्द ओढून आणत होता आणि लोक आदराने बसले होते.

पाचव्या दिवशी त्यांनी नावाड्याचं आख्यान लावलं.

पूर्वरंग झाला, बुक्का लावला, हार घातला, लोकांनी पाया पडून घेतलं. आख्यान निम्म्यावर आलं, नाव नदीत आली, आणि बुवा थांबले. तोंड उघडं, हात वल्ह्यासारखा पुढे. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. लोकांना वाटलं, भाव आहे. बुवांची ही खासियतच होती, ऐन जागी असं थांबायचं. एक म्हातारी डोळे पुसू लागली. कुणी हललं नाही. बुवांनी उपरणं तोंडाला लावलं, काढलं, आणि पुन्हा हात पुढे केला. उपरणं पांढरं होतं. त्यावरचं लाल पुढच्या रांगेला दिसलं असणार, पण आरतीआधी उठायचं नाही हे आमच्या हाडात असं मुरलेलं की दिसूनही कुणी उठलं नाही. मीही नाही.

काकू उठल्या. थर्मास माझ्या मांडीवर ठेवला आणि पुरुषांच्या बाजूने, माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत, सरळ गादीपाशी गेल्या. गादीवर उभा असलेला कीर्तनकार कुणाला नमस्कार करत नाही, बापालाही नाही. आख्यान चालू असताना त्याला कुणी शिवतही नाही. काकूंनी त्यांच्या हातातली झांज काढून घेतली.

"पुरे," त्या म्हणाल्या.

बुवांनी त्यांना अडवलं नाही. एवढ्या मोठ्या सभामंडपात फक्त पेटीचा सूर चालू होता, कारण पेटीवाल्याला बंद करायचं सुचेना.

त्याच रात्री दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी घातली, श्वास घेता यावा म्हणून. आवाज त्या नळीबरोबर गेला. दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की गाठ खाली उतरली आहे, आता कापण्यासारखं काही राहिलेलं नाही. म्हणजे पेटी ठेवली तरी आवाज गेला, आणि आवाज गेला तरी माणूस राहणार नव्हता.

बुवा पुन्हा आमच्या मागच्या खोलीत आले. चैत्र गेला, वैशाख आला. पत्र्याची खोली, उन्हाने तापायची. काकू ओले पंचे खिडकीला लावायच्या. मी माझा टेप त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला आणि बरोबर 'नावाडी' ठेवली. बुवांनी मान हलवली. 'उसनं पाणी' दाखवली. नाही. मग त्यांनी बोट केलं ते त्या चकचकीत वेष्टणाकडे.

मला वाटलं, चुकून. पण रोज तेच. रोज दुपारी, जेवण म्हणजे नाकातल्या नळीतून पेज झाली की, बुवा बोट करायचे आणि काकूंना उठून 'कीर्तनमोती' लावावी लागायची. इलेक्ट्रिकचा बाजा वाजायचा. घाईघाईने करुण रस यायचा. आणि ते चिकटवलेलं हसणं भिंतीतून माझ्या मशीनपर्यंत यायचं. मी मशीनचं पायडल जोरात मारायचे, तरी यायचं. त्या दोन महिन्यांत मी जेवढे टाके उसवले तेवढे आयुष्यात कधी उसवले नसतील. एकदा मी काकूंना म्हटलं, मी टेप बिघडला म्हणून सांगू का? काकू म्हणाल्या, नको, मी लावलेलं आहे म्हणून त्यांना तेच हवं असतं.

ज्येष्ठात बुवा गेले. त्यांचा मुलगा परदेशी होता, तो येऊन सगळं करून परत गेला. काकू सामान न्यायला म्हणून एक दिवस आल्या. खोली झाडून घेतली, खिडकीच्या दोऱ्या सोडल्या. मी त्यांना चहा दिला. तो त्यांनी बशीत ओतला आणि पुष्कळ वेळ तसाच धरून बसल्या. मग माझ्याकडे न बघता बोलू लागल्या.

"जायच्या आदल्या आठवड्यात मी सांगितलं त्यांना."

"काय?"

"सगळं. पहिली बाजू संपली होती. म्हटलं, मी तुम्हाला शेवटचं कीर्तन करावंसं वाटावं म्हणून नव्हती लावली ही. वीट यावा म्हणून लावली. कालिंदी नाही म्हणत होती, तिच्या आवडीच्या म्हणून खोटं सांगितलं मी. तुम्हाला मुकं करून घरी न्यायचं होतं मला. आणि जे झालं ते माझ्यामुळे झालं. गेले दोन महिने तुम्ही रोज माझं कौतुक म्हणून हे ऐकताय, ते मला सोसत नाही, म्हटलं. रागवा तरी."

"मग?"

"ऐकलं सगळं. वर छताकडे बघत होते. मग हात उचलला. मला वाटलं, डोक्यावर ठेवतायत, म्हणून वाकले मी." काकूंनी बशी खाली ठेवली. आपला उजवा हात पुढे केला, पालथा, आणि सावकाश उताणा केला. "असं केलं."

मी त्यांच्या तळव्याकडे बघत राहिले.

"दुसरी बाजू लाव म्हणून," काकू म्हणाल्या.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? लावली."

त्यांनी चहा पिऊन टाकला, बशी धुवून पालथी घातली, आणि रिक्षा मिळते का बघ म्हणाल्या.